बंबवाली

नागपंचमी नुकतीच होऊन गेली होती. भर दुपारी नवी पेठेत असा पाऊस कोसळला, की रस्त्यावरची माणसं ज्या दुकानासमोर होती त्याच दुकानात शिरली. कापडवाल्याकडे शिरलेल्यांना बसायला गादी मिळाली, सराफाकडच्यांना पंखा मिळाला. चनबसप्पांच्या तांब्या-पितळेच्या दुकानात मात्र एकटाच शिरला. उंच, सावळा, खांद्याला ऑफिसची बॅग, आणि केसांपासून बुटांपर्यंत निथळणारा. दारातल्या घंगाळाला त्याचा गुडघा लागला. घंगाळ परातीवर गेलं, परात समयांवर गेली, आणि जो आवाज झाला तो समोरच्या सराफानंही मान वर करून ऐकला.

“मला काही घ्यायचं नाही,” तो घाईघाईनं म्हणाला. “फक्त पाऊस थांबेपर्यंत...”

“थांबा की,” शिवानी मान वर न करता म्हणाली. “फक्त आणखी काही पाडू नका.”

चनबसप्पांची ही एकुलती एक लेक दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, टेबलाच्या दिव्याखाली बसली होती. डाव्या हातात बाटलीचं बूच, बुचावर चिकटवलेला करंगळीएवढा शिपाई, आणि उजव्या हातात चार केसांचा ब्रश. खेळाच्या पटावर ठेवायच्या अशा चिमुकल्या मूर्ती ती रंगवायची. पुण्या-मुंबईचे शौकीन लोक कुरिअरनं पाठवायचे, ती रंगवून परत पाठवायची. पेठेत त्याला ‘चनबसप्पांची पोरगी बाहुल्या रंगवते’ असं म्हणत. आत्ता त्या शिपायाच्या डोळ्यात पांढरा ठिपका द्यायचा होता. ठिपका देताना ती श्वास रोखून धरायची.

तेवढ्यात टेबलावर सावली पडली. तो वाकून बघत होता. त्याच्या केसांतून एक थेंब सुटला आणि नेमका शिपायाच्या तोंडावर पडला. ओला रंग वाहिला. डोळा दाढीत उतरला, दाढी कोटावर उतरली...

इथे शिवानीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. पेठेत तिच्याइतकी गोड बोलणारी मुलगी दुसरी नव्हती. तासभर दुकान पालथं घालून एक चमचा घेऊन जाणाऱ्या बाईलाही ती ‘परत या हं’ म्हणायची आणि मनापासून म्हणायची. तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. त्या दिवशी तो सराफानं ऐकला.

“तुम्ही बाहेर जाऊन उभे राहा,” ती म्हणाली. “तुमचं जेवढं भिजायचं तेवढं भिजून झालंय. मला इथे वाळवायचंय.”

आणि तो खरंच बाहेर जाऊन उभा राहिला. पागोळ्यांच्या खाली, हाताची घडी घालून. त्यामुळे ती आणखीच चिडली. येणारेजाणारे त्याच्याकडे बघत होते आणि मग दुकानाच्या पाटीकडे बघत होते.

“अव्वा,” चनबसप्पा गल्ल्यावरून हळूच म्हणाले. लेकीला लाडानं अव्वा म्हणायची त्यांची सवय होती. “माणसाला पावसात काढलंस?”

“त्यांनी शिपायाला बुडवलं अप्पा.”

बाहेरून, पावसाच्या पडद्याआडून आवाज आला, “शिपाई होता? मला खलाशी वाटला.”

“आता झालाय खलाशी,” ती म्हणाली.

तो हसला. त्याचं हसू वाईट नव्हतं, पण ते त्या क्षणी तिनं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

पुढच्या शनिवारी तो कोरडा होऊन आला. नाव अभिमन्यू तळेकर, गाव केम, नोकरी वीज कंपनीत. जुळे सोलापुरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटा राहत होता. आई गावाकडे, शेत बघत. ही सगळी माहिती त्यानं चनबसप्पांना दिली, कारण शिवानी त्याच्याशी बोलतच नव्हती. मग त्यानं खिशातून काडेपेटी काढून तिच्या टेबलावर ठेवली.

“नुकसान भरून द्यायला आलोय.”

काडेपेटीत कापूस होता आणि कापसात एक बाई झोपली होती. अंगठ्याएवढी, धातूची, शिशासारखी जड, अजून रंगाचा हातही न लागलेली. उंच बूट, कपाळावर सरकवलेला गोल काचांचा चष्मा, कमरेला पाने आणि हातोड्या, आणि पाठीवर पट्ट्यांनी बांधलेलं एक मोठं पिंप. त्या पिंपातून नळ्या निघालेल्या, आणि खाली भट्टीचं किलकिलं दार.

शिवानीनं भिंग घेतलं आणि बराच वेळ ते डोळ्यावरून काढलंच नाही.

तो खेळाबद्दल सांगू लागला. या खेळातल्या जगात विजेचा शोध लागलेलाच नाही. गाड्या, घड्याळं, विमानं, सगळं वाफेवर चालतं. अशा कल्पनेला तिकडे स्टीमपंक म्हणतात. ही बाई त्यातल्या उडत्या आगगाडीची ड्रायव्हर.

“आणि तुम्ही वीज कंपनीत,” ती म्हणाली. त्याच्याशी न बोलायचं ठरवलेलं होतं, तरी तोंडून निघून गेलं.

“म्हणूनच तर. आठवडाभर लोकांची वीज गेलेली असते. सुटीला अशा जगात जाऊन बसतो जिथे ती आलीच नाही. तक्रार नाही, फोन नाही.”

“कुणाबरोबर खेळता?”

“एकटाच. दोन्ही बाजूंनी.”

“मग जिंकतं कोण?”

“ते बदलतं. हरतो मात्र दर वेळी मीच.”

तिला हसू आलं. आलेलं हसू त्यानं पाहिलं, याचा तिला राग आला. तिनं मूर्ती उलटी केली आणि पाठीवरच्या पिंपाकडे बोट दाखवलं. “हे काय आहे माहितेय?”

“बॉयलर.”

“बंब आहे. न्हाणीघरातला बंब.”

आणि तो बंबच होता. सोलापुरात एके काळी न्हाणीघर म्हटलं की कोपऱ्यात तांब्याचा बंब असायचाच. मधल्या नळीत काटक्या, गोवरीचे तुकडे; खाली जाळीवर निखारे; पुढे पितळेची तोटी. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की घराघरातले बंब पेटायचे, आणि त्या धुराच्या वासानं पोरांना जाग यायची. आता भोंगा नाही आणि बंबही हॉटेलांच्या दारात, आत मनीप्लांट लावून उभे असतात. चनबसप्पांच्या माळ्यावर मात्र एक होता. शिवानीच्या आईचा. ती दर शनिवारी चिंच आणि मीठ लावून तो घाशी, आणि मग दिवसभर तिच्या बोटांना काळं राही. ती गेल्यावर बंब माळ्यावर गेला. घ्यायला पुष्कळ लोक आले. चनबसप्पा भाव सांगायचेच नाहीत.

शिवानीनं तो बंब खाली उतरवून घेतला आणि टेबलाशेजारी ठेवला. इतकी वर्षं कुणी हात न लावल्यानं तो काळपट झाला होता. तोटीभोवती कळकाचा हिरवा रंग चढला होता. नळीच्या तोंडाशी जुनं काजळ तसंच होतं. ते सगळं तिला त्या अंगठ्याएवढ्या बाईच्या पाठीवर हवं होतं.

आणि तिला ते नुसतं हौसेसाठी नको होतं. दसऱ्यानंतरच्या रविवारी पुण्यात अशा मूर्ती रंगवणाऱ्यांची स्पर्धा होती. पहिल्या येणाऱ्याला बंगळूरची एक खेळ बनवणारी कंपनी आपल्या नव्या खेळाचं काम देणार होती, वर्षभराचं. फोटोंच्या फेरीतून शिवानी निवडली गेली होती, पण स्पर्धेला न्यावी अशी मूर्ती तिच्याजवळ नव्हती. आता मिळाली होती. हे काम मिळालं तर पेठेत पुन्हा कुणी ‘बाहुल्या’ म्हणणार नव्हतं.

“घेऊन जा पुण्याला,” अभिमन्यू म्हणाला. “मला फक्त शनिवारी येऊन बघू द्या.”

“बघायचं. बोलायचं नाही.”

“बरं.”

ते काही त्याला जमलं नाही. शनिवारी तो यायचा, चनबसप्पांसाठी भजी आणायचा, आणि तेलकट बोटं पाठीमागे धरून तिच्या खांद्यामागे उभा राहायचा. ती हात धुऊन यायला सांगायची. तो धुऊन यायचा आणि ओले हात झटकायचा. ती रागावायची. तो म्हणायचा, “तापला बंब.” मग तर ती खरोखरच तापायची, आणि तिच्या कानांच्या पाळ्या तांब्याच्या व्हायच्या.

गौरी-गणपती झाले, पितृपंधरवडा लागला. तांबं उतरलं, काजळ बसलं, तोटीभोवतीचा हिरवा तर असा साधला की चनबसप्पांनी भिंगातून पाहिलं आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले. एकच गोष्ट काही केल्या जमेना, ती म्हणजे भट्टीतली आग. नारिंगी दिली की जिलबीसारखी दिसायची. लाल दिली की जखमेसारखी.

“विझल्यासारखी वाटते,” एका शनिवारी अभिमन्यू म्हणाला.

तिनं ब्रश टेबलावर आपटला. “तुम्ही रंगवा मग.”

“मला कुठे येतंय? दिसलं ते सांगितलं.”

“दिसलेलं सगळं सांगायचं नसतं.”

“हे खरं आहे,” तो म्हणाला. “कितीतरी सांगतच नाही मी.”

बाहेर कुणीतरी कळशीचा भाव विचारत होतं. ती उठून गेली आणि त्या बाईशी इतकं गोड बोलली की बाईनं दोन कळश्या घेतल्या. परत आली तेव्हा तो गेला होता. टेबलावर भज्यांचा पुडा होता आणि त्यावर झाकलेली ताटली, रंगाला तेल लागू नये म्हणून.

नवरात्राच्या मध्यावर मूर्ती पुरी झाली. आग मनासारखी झाली नव्हती, पण वरून रोगणाचा हात दिला आणि ती सुकायला हवी होती. दुकानात तर दसऱ्याची झुंबड. घासायची पूड उडत होती, पराती आदळत होत्या. अभिमन्यू म्हणाला, “माझ्याकडे ठेवा. घरी मी एकटा. धूळसुद्धा कंटाळून येत नाही.”

“कपाटात ठेवायची.”

“ठेवतो.”

“हात लावायचा नाही.”

“नाही.”

“तिच्याजवळ श्वाससुद्धा—”

“घरात घेतला तर चालेल? की जिन्यात जाऊ?”

तिनं बूच पुढे केलं. त्यानं ते खालून धरलं, तिच्या बोटांखाली आपली बोटं सरकवून. तिनं लगेच सोडलं नाही. त्यानंही ओढलं नाही. मधे ती अंगठ्याएवढी बाई, पाठीवर बंब घेऊन उभी... मग कुणीतरी समई मागितली आणि तिनं हात काढून घेतला.

खंडेनवमीच्या संध्याकाळी दुकानातल्या तराजूला झेंडूचा हार घालून झाला होता. चनबसप्पा उदबत्ती फिरवत होते. तेव्हा अभिमन्यू आला. त्या दिवशी भजी नव्हती आणि चेहऱ्यावर हसूही नव्हतं.

“ती खराब झाली,” तो म्हणाला. “माझ्या हातून.”

शिवानीला आधी कळलंच नाही. कोण खराब झाली? मग कळलं, आणि तिच्या हातातली पितळी पळी तशीच राहिली. “म्हणजे पडली?”

“नाही. धुतली.”

“काय?”

“धूळ बसली होती. म्हटलं... धुवावी. रंग निघून गेला. बराचसा.”

तो तिच्याकडे बघत नव्हता. तराजूच्या हाराकडे बघत होता. धूळ कंटाळून येत नाही असं ज्यानं सांगितलं त्याच्याच घरात धूळ बसली होती, आणि त्यानं ती धुतली होती. कापसात ठेवायची वस्तू. सगळ्या शनिवारी खांद्यामागे उभं राहून त्यानं काय पाहिलं होतं मग?

“तू धुतलीस?” ती म्हणाली. “तुला माहीत होतं. रविवारी पुणं आहे हे माहीत होतं. तो हिरवा बसवायला मला किती दिवस लागले हे तू बघितलंस, आणि नळाखाली धरलीस? शर्ट धुतात तशी?”

“हो.”

“का?”

“सांगितलं ना. धूळ—”

“जा तू इथून.”

“शिवानी—”

“आणि तिला तुझ्याकडेच ठेव. दोन्ही बाजूंनी खेळ तिच्याशी. मला परत तोंड दाखवू नकोस.”

गिऱ्हाइकं थांबून बघत होती. तो मान खाली घालून गेला. दारातल्या घंगाळाला त्याचा गुडघा लागला, पण या वेळी त्यानं ते दोन्ही हातांनी धरून आवाज होऊ दिला नाही. त्या धरण्याचाही तिला राग आला. माणसाला एवढी काळजी घेता येते तर...

दुकान बंद करताना चनबसप्पांनी कुलपाची किल्ली हातात घोळवली. “अव्वा, एक बोलू? गिऱ्हाइकावर तू कधी चिडली नाहीस. परक्यावर तू चिडतच नाहीस. आई होती तेव्हा तिच्यावर चिडायचीस. माझ्यावर चिडतेस. तिसरा हाच बघतोय मी.”

“अप्पा, त्यानं माझं काम धुतलं.”

“हो. ते वाईटच केलं,” चनबसप्पा म्हणाले आणि शटर ओढलं.

दसऱ्याच्या सकाळी दुकान उघडायला आणि एक बाई पायरी चढायला एकच गाठ पडली. नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. तिनं चनबसप्पांना नमस्कार केला आणि पदराची गाठ सोडायला घेतली. गाठ घट्ट होती. सोडता सोडता ती बोलत होती.

“दादा, तुमी तांब्या-पितळंचं समदं करता न्हवं? सगळे लोक काळं झालेलं उजळ करून घ्यायला येत असतील. माजं उलटं हाय. हिला परत काळं करून मिळंल का?”

पदराच्या गाठीतून अंगठ्याएवढी बाई निघाली. चांदीसारखी लख्ख. कपाळाला, छातीला हळदकुंकू.

शिवानी खुर्चीतून उठली आणि तिथेच उभी राहिली.

बाईचं नाव रुक्मिणीबाई. काल सकाळच्या गाडीनं ती केमहून आली होती, लेकाला सणाला एकटं कशाला ठेवायचं म्हणून. लेक कचेरीत हत्यारांच्या पूजेला गेला होता. घरात बघावं तर देवांची भांडी काळी. खंडेनवमी म्हणून तिनं ताम्हण, घंटा, समई, सगळं चिंच-मीठ लावून घासायला घेतलं. वाटी शोधायला कपाट उघडलं तर आत ही देवी. पाठीवर घागर घेतलेली, काजळीनं भरलेली, हिरवी पडलेली.

“मला लई वाईट वाटलं वो,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “म्हटलं, घरात बाईमानूस न्हाय, पोराला काय कळतंय. देवीला कपाटात कोंडून ठेवली. काथ्यानं घासघासली. निम्म्यानं काळं निघालं तर आत चांदी. म्या म्हटलं, बघा, कशी झाकली हुती. इळ्याशेजारी मांडली, हळदकुंकू वाहिलं.”

“मग?” चनबसप्पांनी विचारलं.

“मग पोरगं आलं. बघितलं आनि मटकन खालीच बसलं. मला एका शब्दानं बोलला न्हाय. म्हनला, आई, तू चांगलंच केलंस, पर ह्यातलं कुनाला सांगू नगंस. कालपासनं घास खाल्ला न्हाय त्यानं. म्हनून मी त्येला न सांगता आले. रिक्षावाल्याला म्हटलं, तांब्या-पितळंवाल्याकडं सोड.”

शिवानीचं लक्ष रुक्मिणीबाईंच्या हातांकडे होतं. बोटांच्या पेरांत, नखांच्या कडेला काळं साठलं होतं. चिंचेनं तांबं घासल्यावर राहतं ते. दोन दिवस जात नाही. किती वर्षांत तिनं अशी बोटं पाहिली नव्हती.

या बाईवर रागावता येणार नव्हतं. पण राग तर होता, कालच्या दुप्पट झालेला, आणि त्याला आता एकच पत्ता होता.

“चला,” ती म्हणाली. रंगांचा डबा आणि भिंग तिनं पिशवीत टाकलं. “मी येते तुमच्याबरोबर.”

“तू कोन गं बाई?”

“तिला काळं करणारी मीच.”

रुक्मिणीबाईंचा हात तोंडावर गेला. शिवानीनं तो हळूच खाली घेतला, आणि तिच्या नकळत जरा जास्त वेळ धरून ठेवला.

“दसऱ्याचं दुकान आहे अप्पा,” ती दारातून म्हणाली.

“बसतो मी. भांडून झालं की त्याला जेवायला घेऊन ये.”

रिक्षा जुळे सोलापुरात पोहोचेपर्यंत ती मनाशी वाक्यं जुळवत होती. दार उघडलं तेव्हा त्यातलं एकही आठवलं नाही. अभिमन्यूच्या कानाला हिरवा रंग लागला होता. मागे टेबलावर खेळातल्या साऱ्या मूर्ती रांगेत उभ्या होत्या. त्यातला एक गडी कसाबसा, पिवळट हिरवा रंगवलेला.

“याला काय कावीळ झालीय?” तिनं विचारलं.

“हात बसवत होतो. जमलं तर... तिला पुन्हा...” मग त्याला आई दिसली आणि आईच्या हातातली मूर्ती दिसली. “आई, तुला सांगितलं होतं—”

“त्यांना काही बोलायचं नाही,” शिवानी म्हणाली. “माझ्याशी बोल. खोटं का बोललास?”

रुक्मिणीबाई स्वयंपाकघरात गेल्या. तिथून भांड्यांचा आवाज येत नव्हता, म्हणजे त्या ऐकत होत्या.

“माझ्या घरात झालं. जबाबदारी माझीच की,” तो म्हणाला.

“ते ऑफिसात सांग. मला खरं सांग. काल एवढं बोलले मी तुला, सगळ्या दुकानासमोर. तू नुसता उभा राहिलास. का?”

त्यानं कानावरचा रंग पुसायचा प्रयत्न केला. तो गालावर आला.

“कारण तू आईला अजून बघितलं नव्हतंस,” तो म्हणाला. “पहिल्यांदा बघशील तेव्हा, हिनं माझं काम घासून टाकलं, अशा नजरेनं बघू नयेस. एवढंच वाटलं. माझ्यावर रागावलीस तर ते रोजचंच आहे. तो राग उतरतो. आईवरचा मनात राहिला असता तर... पुढे अवघड झालं असतं.”

“पुढे म्हणजे कधी?”

तो टेबलावरची रांग सरळ करू लागला.

“म्हणजे मी तुझ्या आईला कधी बघायचं, कोणत्या नजरेनं बघायचं, पुढे काय अवघड होणार, सगळं तू एकट्यानंच ठरवून टाकलंस. इथेही दोन्ही बाजूंनी तूच खेळतोस?”

“मग काय करू? तुला विचारायला आलो की तू हात धुऊन यायला सांगतेस.”

“विचार आता.”

“हिरवे आहेत हात.”

“असू देत.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. नेहमीचं हसू नव्हतं. पहिल्या दिवशी पागोळ्यांखाली उभा होता तसा दिसत होता, भिजलेला आणि कुठेही न जाणारा. “शिवानी, मला तू आवडतेस. चिडलेली, न चिडलेली. न चिडलेली मी फारशी पाहिली नाही, पण तीही आवडेल. माझ्याशी लग्न करशील?”

तिला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता. “पुन्हा माझ्याशी खोटं बोललास तर बघ,” ती म्हणाली. “चांगल्यासाठीसुद्धा नाही. मला राग आला तर येऊ दे. तो कुणावर काढायचा ते माझं मी बघीन.”

“हे ‘हो’ आहे का?”

“हो आहे. पण राग गेलेला नाही.”

“कालपासून तू मला ‘तू’ म्हणतेस,” तो हळूच म्हणाला. “एवढं बोललीस, त्यात तेवढं एक मी उचलून घरी आणलं. बंब फुटेपर्यंत तापला होता, तरी—”

“आरं,” स्वयंपाकघरातून आवाज आला, “न तापलेला बंब काय करायचाय? गार पान्यानं आंघुळ करायची असंल तर नळ हाय की.”

तिघंही हसली. शिवानीला हसता हसता बसावं लागलं. मग तिनं डोळे पुसले, टेबलावरचा काविळीचा गडी बाजूला सारला आणि दिव्याखाली मूर्ती धरली.

तिनं कालपासून मनात जे पाहिलं होतं त्याहून हे वेगळं होतं. काथ्या वरवर फिरला होता. उंचवट्यांवरचा रंग गेला होता, खाचांमधला राहिला होता. बंबाच्या कडा लख्ख, सांध्यांत काजळ, तोटीच्या मुळाशी ठिपक्याएवढासा हिरवा. माळ्यावर टाकलेला बंब तिनं रंगवला होता. हा शनिवारी घासलेला बंब होता. रोज पेटणारा, कुणीतरी रोज सांभाळलेला. चेहरा, कोट, बूट पुन्हा करावे लागणार होते. रविवारपर्यंत ते होण्यासारखं होतं. बंबाला मात्र ती ब्रश लावणार नव्हती.

आणि मग भिंग भट्टीच्या दारावर आलं. पूजेच्या वेळचं कुंकू आत जाळीत जाऊन बसलं होतं. खाचेत साठून अजून न सुकलेल्या रोगणात चिकटलेलं, वर गडद, आत उजळ. फुंकर घातली तर फुलेल असं.

“पुसून देऊ का गं?” रुक्मिणीबाई मागे येऊन उभ्या होत्या. “केमचं कुंकू हाय, लौकर जात न्हाय. पर तेल लावलं की—”

“नको,” शिवानी म्हणाली. “हात लावू नका. असंच राहू दे.”

रविवारी पुण्यात परीक्षक भिंग लावून त्या भट्टीत बराच वेळ बघत राहिले. ही आग कोणत्या रंगानं केली, असं त्यांनी विचारलं, आणि तिनं खरं ते सांगितलं. काम तिला मिळालं. पण त्या आधीची ही दसऱ्याची दुपार होती. नवी पेठेत चनबसप्पा ताटं मांडून वाट बघत होते, आणि जुळे सोलापुरातल्या त्या फ्लॅटमध्ये शिवानीनं सगळ्यात बारीक ब्रश ओला केला.

“तेवढा एक डोळा करते, मग जेवायला जाऊ,” ती म्हणाली. “दिवा धर. जवळ ये. आणखी.”

तो दिवा धरून तिच्या खांद्याशी वाकला. केस कोरडे होते. तिनं श्वास रोखला, ठिपका दिला, नेमका बसला. मग तिच्या ध्यानात आलं की शेजारीही सगळं गप्प आहे.

“अभिमन्यू,” ती म्हणाली, “श्वास घेतलास तरी चालेल.”